तीन निळ्या रेघा

माझ्या बोटीच्या रचनेबद्दल मला एकदा विचारून बघा. दुसऱ्यांदा विचारायची तुमची हिंमत होणार नाही. शिडाची, सव्वीस फुटी, पोट रुंद, आणि खाली नाकापासून शेपटीपर्यंत लांब कणा. बोटीचं जवळजवळ निम्मं वजन त्या कण्यातल्या शिशाचं. त्यामुळे वाऱ्याने कितीही कलली तरी आपली आपण उठते, आणि एकदा दिशा धरली की सुकाणूचा दांडा सोडून खुशाल चहा प्यावा. किनाऱ्याकिनाऱ्याने आठवडाभर फिरायला हिच्यासारखी बोट नाही. बऱ्यापैकी वाऱ्यात ताशी सहा मैल जाते, असं कागद सांगतो. माझ्या हाती चार. क्लबच्या शर्यतीत आम्ही पोचेपर्यंत लोक बक्षिसं घेऊन घरी गेलेले असत.

पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढण्यात माझा जन्म गेला, तेव्हा कारणं शोधण्यात मी कमी पडलो असं कुणी म्हणू नये. शिडांना बोल लावला, ओहोटीला लावला, बोट आखणाऱ्याची अक्कल काढली. एक गोष्ट मात्र डोळ्यांत खुपायची: बोट दर दोन-तीन वर्षांनी जरा जास्त बुडायची आणि पाण्याच्या पातळीला मारलेली निळी रेघ दिसेनाशी व्हायची. मग या शहाण्याने काय करावं? बोटभर वर नवी रेघ मारली. काय सरळ रेघ होती, वा! आठ वर्षांत अशा तीन मारल्या. जुन्या रेघा खरवडायचा कंटाळा केला, म्हटलं पाण्याखाली कोण बघतंय.

त्याच आठ वर्षांत बायको बोटीवर आली नाही. आधीची पंधरा वर्षं सुकाणू तिच्याच हातात असायचं. मग एकाएकी थांबली. उन्हाचा त्रास होत असेल, असं मी ठरवून टाकलं. विचारलं नाही, उत्तर ठाऊक असलं की मी सहसा विचारत नाही. पण एकट्याला करमेना. खरं सांगायचं तर माझी व्याख्यानं ऐकायला कुणी उरलं नाही. शेवटी बोट विकायला काढली, आणि दातांचे एक डॉक्टर रविवारी बघायला येतो म्हणाले.

रविवारी सकाळी बायको साफसफाईला म्हणून धक्क्यावर आली आणि बोटीतले कप्पे उघडत सुटली. दोन जादा नांगर, गंजलेली साखळी, मेलेल्या बॅटऱ्या, सुट्या भागांसाठी ठेवलेलं जुनं इंजिन, वाळलेल्या रंगाचे डबे, आणि बोट वेगात कशी चालवावी या विषयावरची एकोणीस जाडजूड पुस्तकं. प्रत्येक खेपेला मी म्हणायचो, हे राहू दे, लागेल. ती न ऐकता सगळं धक्क्यावर टाकत होती. दुपारपर्यंत बोट हळूहळू वर आली आणि माझ्या तिन्ही रेघा आणि तळाची मूळची, अशा एकीखाली एक उघड्या पडल्या. नेमके तेव्हाच डॉक्टर आले. वाकून निरखत त्यांनी विचारलं, एवढ्या रेघा कशाला? बायकोने माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते झाकायला मी कण्याबद्दल बोलायला लागलो. अर्ध्या तासाने डॉक्टरांनी काकुळतीला येऊन बायकोला विचारलं, तुम्ही एक फेरी माराल का? दोघं गेली. मी त्या ढिगाशेजारी उभा.

तेवीस वर्षांत मी माझी बोट दुरून कधी पाहिलीच नव्हती. कायम तिच्यात बसून बोलत होतो. वारा भरला, ती एका कुशीवर कलली आणि जी निघाली! मला दरवर्षी हरवणाऱ्या दोन बोटी तिने आरामात मागे टाकल्या. सुकाणूवर बायको हसत होती. आठ वर्षांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. बोट नको विकायला, नकोच, एवढंच मनात.

डॉक्टर उतरले ते "घेतली" म्हणतच. मी हात जोडून नाही म्हणालो. ते तणतणत गेले, त्यात त्यांची काही चूक नव्हती.

"तू यायची का थांबलीस?" मी बायकोला विचारलं.

ती शीड गुंडाळत होती. "शर्यतीच्या सकाळी तुम्हीच म्हणालात ना. तू उतर, साठ किलो कमी होतील."

मला आठवेना. पण म्हणालो असणार, माझंच बोलणं ते. पाठीमागे धक्क्यावर पाचएकशे किलो सामान पडलं होतं. त्यातल्या एकाही वस्तूला मी कधी उतर म्हणालो नव्हतो.

"चुकलं माझं," मी म्हणालो. पुढचं स्पष्टीकरण ओठांवर आलं होतं, ते गिळलं. ती गुंडाळायची थांबली. मी चढू का, असं तिला विचारलं आणि धक्क्यावर उभा राहिलो.