विक्कीनं ठेवलेला आकडा

रेवताबाईनं पदराची गाठ सोडली आणि आतला कॅल्क्युलेटर काउंटरवर ठेवला. देव्हाऱ्यातला देव घासायला काढावा, तशा हातानं.

"सोमाजीभाऊ, आकडा पुसट होऊन राहिला. सेल बदलून द्या. पन आकडा जाऊ देऊ नका."

"कोनता आकडा, बाई?"

उत्तर दारातून आलं. तिचा नवरा गोपीचंद चौकटीला टेकून उभा होता. "पोराचा. हिनं त्याचाच देव केला, भाऊ. सांजेले दिवा लावते अन् बटन दाबते. पागल झाली बुढी."

कारध्याच्या या ढीवर मासेमारांच्या घरातला विक्की आषाढात वैनगंगेत बुडून गेला. सकाळच्या खेपेची मासळी त्यानं तोलली, वजन मेमरीत ठेवलं, कॅल्क्युलेटर काट्याजवळ ठेवला आणि दुसऱ्या खेपेला डोंगा पाण्यात घातला. दुसरं वजन त्यात मिळवायचं होतं. डोंगा उलटा होऊन खाली कुठंतरी काठाला लागला. विक्की तिसऱ्या दिवशी सापडला.

सोमाजीनं यंत्र हातात घेतलं. पितळी भांड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत त्याची उमर अशीच हिशेबाची यंत्रं दुरुस्त करण्यात गेली होती. जवाहरनगरच्या कारखान्यातले बाबू लाल दिव्यांच्या आकड्यांची जाडजूड यंत्रं घेऊन यायचे, तेव्हा आत चार-पाच चिपा असत. एक हिशेब करी, एक आकडे धरून ठेवी, एक दिवे लावी. एकत्र कुटुंबच म्हणा ना! एखादी रुसली की तेवढीच बदलायची. कळ बंद केली की मात्र सगळ्या सगळं विसरत. मग एकाच चिपेत अख्खं घरदार मावलं. ती खाई इतकं थोडं, की बटनाएवढ्या सेलांवर वर्षानुवर्षं जागी राही आणि यंत्र बंद असलं तरी ठेवलेला आकडा सोडत नसे. त्यानंतर आला चिपेवरचा काळा डांबरी थेंब. बिघडलं की फेका. त्या थेंबानं सोमाजीचं दुकान गिळलं होतं.

विक्कीचा कॅल्क्युलेटर त्या मधल्या पिढीतला, भंगारातून आणलेला.

"आकडा मी पाहून ठेवतो," सोमाजी म्हणाला. "सेल बदलले का तोच परत दाबून देतो."

"तोच कसा होईन, भाऊ? हा त्याच्या बोटाचा आहे. तो तुमच्या बोटाचा होईन."

देव भावात असतो, मूर्तीत नाही, असं बुवा कीर्तनात सांगतात. सोमाजी पहिल्या रांगेत बसून मान डोलवी. पण ऐकून घरी गेलेली बाई पाणी घालते ते आपल्याच मूर्तीला, शेजारणीच्या नाही. त्यानं वाद घातला नाही. आकडा पाहिलाही नाही. पाहून ठेवला की हात ढिला पडतो.

"बाहेरच्या सेलांची तार आधी जोडतो," तो म्हणाला. "मंग जुने काढतो. रक्त चढवत चढवत ऑपरेशन करतात ना, तसं."

रेवताबाईला ते पाहवेना. ती पायरीवर पाठ करून बसली आणि हात जोडून नाम घेऊ लागली.

तारा जोडल्या. जुने सेल निघाले. जागा पुसली. आता नवे बसवायचे, एवढंच राहिलं होतं. आणि सोमाजीच्या हातानं, त्याला न विचारता, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक सेलांच्या जागेतल्या दोन्ही पट्ट्यांना एकदम लावलं. लाल दिव्यांच्या काळातली ती सवय: आतला उरलासुरला करंट आधी मारायचा, मग काम. तेव्हाच्या चिपांना त्यानं काही होत नसे, त्यांच्याजवळ जपायला काही नसेच.

बारीकशी ठिणगी उडाली. सोमाजीनं नवे सेल बसवले, मेमरीचं बटन दाबलं. शून्य आलं. पुन्हा दाबलं. शून्यच.

"विठ्ठला," तो म्हणाला.

गोपीचंद जवळ आला. त्यानं काचेकडं पाहिलं, मग पायरीवरच्या बायकोच्या पाठीकडं.

"गेला?"

"माह्या हातानं गेला, भाऊ. सांगतो बाईले."

"काही सांगू नोका." आवाज अगदी खालचा. "सत्तेचाळीस आठशे."

"काय?"

"सत्तेचाळीस किलो आठशे. दाबा."

सोमाजीचं बोट उचलेना. हे त्याला कसं पाठ, हे विचारायची हिंमतही झाली नाही. कॅल्क्युलेटर गोपीचंदनंच ओढून घेतला. जाळ्याच्या दोऱ्यानं चिरलेलं, जाडं बोट. एका दाबात दोन बटनं दबत. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा आकडा नीट पडला. मेमरीचं बटन सोमाजीनं दाखवलं, ते त्यानं दाबलं आणि हात सदऱ्याला पुसला.

"ये वो," त्यानं हाक मारली. "झालं तुह्यं."

रेवताबाईनं बटन दाबलं. काळाभोर आकडा उमटला. अक्षरओळख नव्हती तिला, पण आकार ओळखीचा होता. ती रडली आणि हसलीही. काचेला कपाळ टेकवलं.

"पाहा जी, कसा ठसठशीत आला! मी म्हनत होती ना, सोमाजीभाऊ भजनी मानूस आहे, पोराले जाऊ देनार नाही."

सोमाजीनं काउंटरवरचं फडकं उचललं, परत ठेवलं.

"आता किती दिवस राहीन, भाऊ?"

"लय वर्सं राहीन, बाई," तो म्हणाला. गोपीचंदकडं पाहणं त्यानं टाळलं.

"चाल आता," गोपीचंद म्हणाला. "ऑटो निघून जाईन."