भिंतीला टेकवलेली फावडी

"फावडं भिंतीला टेकवलं म्हणजे बंद, हातात ठेवलं म्हणजे चालू," मुकादम म्हणाला. बॉयलरच्या आवाजात कुणाचं काही ऐकू येत नाही, म्हणून आमच्यात मत द्यायची ही पद्धत पडली. आज सगळे यार्डात उभे होते, तरी पद्धत तीच.

नगरपालिका तपकिरी कोळशाचा बॉयलर काढून गॅसचा बसवणार होती, पण कामगार तयार असतील तरच. गॅसवर आमच्यातले निम्मेच लागणार होते.

मी फावडं टेकवलं. एकट्यानंच.

"तुझं काय जातंय? खाणारं तोंड एकच," पैलवान म्हणाला आणि लगेच त्यानं मान खाली घातली. माझी बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं.

हा कोळसा म्हणजे निम्मं पाणी. ते वाळवण्यातच आग खर्ची पडते, म्हणून खूप जाळावा लागतो. तेवढाच धूर, तेवढीच राख. ढीग करून ठेवला तर न पेटवता धुमसतो. "अगदी माझ्यासारखा," ती म्हणायची. ती शाळेत आया होती. रोज बाकांवरची काजळी पुसायची. मुलं खोकायची, पुढे तीही खोकू लागली. हा बॉयलर बंद झालेला तिला बघायचा होता. दम लागत असतानाही ती एकेका कामगाराच्या घरी गेली.

"वहिनी आमच्याकडे आल्या होत्या," पैलवान हळूच म्हणाला. "तीन जिने चढून. वर आल्या तर बोलता येईना. आमच्या धाकटीनं स्वतःचा दम्याचा पंप पुढे केला. वहिनींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि न बोलताच गेल्या."

त्यानं फावडं टेकवलं.

"आमच्याकडेही आल्या होत्या," मागून कुणीतरी म्हणालं. मग ठणठण सुरूच झाली.

"अरे, मोजू तरी द्या," मुकादम म्हणाला. त्याच्याकडे फावडं नव्हतं. त्यानं झाडू टेकवला.

गॅसवरच्या कामातून मी माझं नाव काढून घेतलं. पैलवानाची मुलगी लहान आहे. पण शेवटची आग विझवायचा मान मी कुणाला दिला नाही.

ती विझवली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरातली, बॉयलरच्या चिमणीकडची खिडकी उघडली. काजळी आत येऊ नये म्हणून बायकोनं फटींत कोंबलेल्या चिंध्या एकेक करून काढल्या. बाहेर स्वच्छ ऊन होतं. तिची उशी आणून मी खिडकीत ठेवली.