एका बैठकीतले साडेचार हजार

क्लिनिकमध्ये तिला सगळे ताई म्हणत. सर म्हणत, लांबू म्हणे, तिच्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठे असलेले पेशंटही पहिल्या अर्ध्या तासात ताई म्हणायला लागत. टेबलाच्या भोकात तोंड घालून पालथं पडलं की माणसाचा सगळा ताठा गळून पडतो. खाली फक्त फरशी दिसते आणि दोन पांढऱ्या सपाता, आणि त्या सपाता जिच्या पायात, तिलाच मग मायबाप म्हणावं लागतं.

ताईचं काम मोठं नाजूक. डोक्याच्या मागच्या बाजूने एकेक केस मुळासकट उचलायचा, भिंगाखाली निवडायचा, गार सलाईनच्या बशीत ठेवायचा. तीच मुळं पुढे टकलावर रोवायचं काम लांबूकडे. सर सकाळी कपाळावर निळ्या पेनने रेघ आखत, भुलीची इंजेक्शनं देत आणि केबिनमध्ये नवीन लोकांना आशा दाखवायला निघून जात. बशीत शंभर मुळं भरली की ताईने मोठ्याने 'शंभर!' अशी हाक द्यायची आणि फळ्यावर एक रेघ ओढायची, असा तिथला रिवाज होता. हाक केबिनपर्यंत ऐकू गेली पाहिजे, असं सरांनी बजावून ठेवलं होतं.

चौदा वर्षांपूर्वी ज्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिला हे काम शिकवलं, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "चारातलं एक उचल, तीन सोड. तिथून काढलेलं परत उगवत नाही. पुढचं झाकायच्या नादात मागचं उघडं पडलं, तर कुठलाही डॉक्टर ते भरून देणार नाही." म्हणून ताई आधी भिंगातून डोकं वाचायची आणि मनाशी आकडा ठरवायची. कुणाचा दोन हजार, कुणाचा तीन. त्यापुढे तिचा हात जात नसे.

मग एके दिवशी गणिताचे मास्तर आले.

मास्तर म्हणजे ताईच्या धाकट्या भावाचे शेजारी. त्यांना शाळेतून आठच दिवस सुट्टी मिळाली होती आणि सगळं एका दमात उरकून हवं होतं. सरांनी साडेचार हजार मुळांचा शब्द देऊन टाकला. ताईने भिंग लावून पाहिलं. सव्वीसशे, त्याच्या वर एकही नाही. ती केबिनमध्ये गेली.

"सर, यांचं मागचं विरळ आहे. सव्वीसशेवर थांबू या. उरलेलं वर्षाने बघता येईल. शिवाय एवढ्याला भूलही त्यांच्या वजनाला झेपेल त्यापेक्षा जास्त लागेल."

सर हसले. "ताई, तुम्ही हात चालवा. डोकं मी चालवतो."

"पण त्यांचं डोकं..."

"त्यांना वर्षाने यायचं असतं तर ते दुसरीकडे गेले असते. आणि तुम्हाला जमत नसेल तर लांबू आहेच की."

लांबूचा हात रोवण्यात सुरेख होता, पण काढायला बसला की एकाच जागेवर तुटून पडायचा. एकदा त्याने एका ड्रायव्हरच्या मानेवर असा चट्टा पाडला होता की तो माणूस आजही कॉलर वर करून फिरतो. ताई टेबलाशी परत आली. इकडे आड, तिकडे विहीर. नाही म्हणावं तर मास्तर लांबूच्या तावडीत, हो म्हणावं तर आपल्याच हातून वाटोळं.

मास्तर पालथे पडले होते आणि भोकातून बोलत होते. "ताई, प्रत्येक शंभराला मोठ्याने सांगा हं. मी बोटांवर मोजणार आहे. सवय आहे मला."

दुपारपर्यंत सव्वीसशे मुळं निघाली. पण फळ्यावर तेव्हा बत्तीस रेघा होत्या.

हा मार्ग ताईला माहीत नव्हता असं नाही. केसाचं मूळ नेहमी एकटं नसतं. एकाच मुळातून दोन-दोन, तीन-तीन केस जोडीने वर येतात आणि ते एकत्रच लावायचे असतात. पण ब्लेडने ती जोडी उभी चिरली की एकाची दोन होतात. केस तेवढेच, आकडा दुप्पट. लबाड लोक पेशंटला टोपी घालायला हे करतात. ताईने ते मास्तरांची मान वाचवायला केलं, आणि तरी भिंगाखाली पहिली जोडी चिरताना तिला स्वतःची शिसारी आली. चिरताना शंभरातली दहा-बारा मुळं मरतात हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण दहा-बारा मेलेली परवडली. संध्याकाळी तिने पंचेचाळिसावी हाक दिली. केबिनमधून टाळी ऐकू आली. मास्तर टेबलावरून उठत म्हणाले, "बरोबर पंचेचाळीस. माझाही हिशोब जुळला."

रोवता रोवता लांबूने एकदाच विचारलं होतं, "आज सगळी एकेकटीच मुळं आली गं ताई?"

"मास्तरांचं डोकंच तसं," ती म्हणाली. लांबूने खांदे उडवले. रजिस्टरमध्ये साडेचार हजार लिहून ताईने खाली सही केली. एकदा केलं, संपलं, असं तिला वाटलं.

संपलं कुठलं! दहा महिन्यांनी मास्तर भांग पाडून आले. पुढे केस बरे उगवले होते आणि मागे तर हात लावल्याची खूण नव्हती. असणार कशी? सरांनी त्यांचा पुढून एक आणि मागून एक असे दोन फोटो काढले, दारापेक्षा उंच करून बाहेर लावले, आणि खाली लिहिलं: एकाच दिवसात साडेचार हजार, मागचं जसंच्या तसं. जो येईल तो त्या फोटोकडे बोट दाखवून म्हणे, मलाही असंच. आता 'सव्वीसशे' म्हणायला ताईला तोंडच उरलं नव्हतं. सर नुसते दाराकडे मान करत, की झालं. मग ताई सगळ्यांचीच मुळं चिरू लागली. एक खोटं जगवायला रोज दोन-दोन हजार मुळांवर ब्लेड चालवायची. लोकांची डोकी वाचतायत ना, असं ती स्वतःला समजवायची. पण खरं सांगायचं तर ती आता भीतीने चिरत होती, आणि भीतीपोटी आपण लबाडांच्याच ओळीत जाऊन बसलो, हे तिला रोज रात्री भांडी घासताना कळायचं.

मग तिच्या धाकट्या भावाने फोन केला. बेचाळीस वर्षांचा बाप्या, पण घरात अजून छोटूच.

"ताई, बुधवारची तारीख घेतलीय तुझ्या सरांकडून. साडेचार हजार. एका बैठकीत."

ताई त्याच पावली त्याच्या घरी गेली. त्याला खिडकीजवळ खुर्चीवर बसवलं, मान खाली करायला लावली, आणि पिशवीतलं भिंग काढून पाहिलं. बावीसशे. तेही जपून.

मग तिने सगळं सांगितलं. ब्लेड, जोड्या, फळ्यावरच्या रेघा, दारावरचा फोटो. आईसमोरही ती कधी इतकं खरं बोलली नव्हती. छोटूने ऐकून घेतलं आणि तो हसला.

"ताई, तू लहानपणापासून अशीच. मी सायकल घेतली तेव्हा पडशील, पोहायला गेलो तेव्हा बुडशील. दहा वर्षं मला म्हणतेयस, टक्कल शोभतं तुला."

"छोटू, मी तुला थाप मारतेय असं वाटतं का तुला?"

"थाप नाही गं. पण मास्तरांनी स्वतः मोजलंय. गणिताचा माणूस तो, एका एका शंभराला बोट धरून. आणि मागून त्यांचं डोकं मी रोज बघतो, गच्च आहे." त्याने टकलावरून हात फिरवला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "परक्याचं केलंस. सख्ख्या भावाचं करताना हात आखडता का घेतेस?"

तिची कबुली तिच्याच हातच्या कामाने खोटी पाडली होती. ती चहा न घेताच उठली.

तरी तिच्या मनात एक वाट होती. बुधवारी ब्लेड आहेच. बावीसशे काढायची, चिरायची, हाका द्यायच्या, छोटू खूश, मागचं शाबूत. लबाडी तर लबाडी, भावासाठी आणखी एक. बुधवारी सकाळी ती आत शिरली तर भिंगाच्या टेबलाशी तिच्या खुर्चीवर सर बसले होते. समोर उभ्या दांडीवर मोबाईल लावलेला, कॅमेरा बशीवर रोखलेला.

"आज निवडणं आणि मोजणं माझ्याकडे," सर खुशीत म्हणाले. "लोक म्हणतात आकडे खोटे असतात. म्हटलं, एकदा बशीच दाखवून टाकू. ताई, तुम्ही फक्त काढा."

छोटू पालथा पडलेला होता. मान मोकळी, भादरलेली, लहानपणी ती तेल लावून द्यायची तेव्हासारखीच खोलगट. ताईने मुळं उचलायचा पंच हातात घेतला.

पहिली हजार बरी गेली. चारातलं एक, तीन सोडायची. सर एकेक मूळ चिमट्याने कॅमेऱ्यासमोर धरत आणि हाक देत. छोटू भोकातून विनोद सांगत होता. त्याच्या बायकोने म्हणे उशा बदलल्या, नवा नवरा येणार म्हणून. दीड हजार झाली. दोन हजार झाली. सरांनी बाविसावी हाक दिली आणि ताईने पंच ट्रेमध्ये ठेवला.

"बास," ती म्हणाली.

"अजून तेवीसशे आहेत ताई."

"सर, मास्तरांची साडेचार हजार कधी निघालीच नव्हती. सव्वीसशे निघाली. मी जोड्या चिरल्या. त्यांच्यानंतर सगळ्यांच्या चिरल्या. यांच्यात बावीसशेच्या पुढे काही नाही."

सरांनी हात लांब करून मोबाईल बंद केला. ते रागावतील असं तिला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. उठून तिच्या अगदी जवळ आले आणि टेबलावरच्या माणसाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलले.

"रजिस्टरवर सही कुणाची आहे? प्रत्येक डोक्यावर? त्या सगळ्यांना बोलावू का, की या ताईंनी तुमची मुळं मारली म्हणून?" मग मोठ्याने, "ताई दमल्यात. भावाचं डोकं, मन हळवं होतंच. लांबू, हात धू. तू काढ."

लांबूने ताईकडे पाहिलं, मग सरांकडे, आणि नळ सोडला.

ताई टेबलाखाली वाकली. भोकातून छोटूच्या बंद डोळ्यांची एक कड दिसत होती. "छोटू, ऊठ. माझं ऐक, आत्ता ऊठ. अर्धं झालंय, पुरे आहे. मी तुझ्या पाया पडते."

"ताई, मला ठाऊक होतं तू ऐन वेळी कच खाणार," तो प्रेमानेच म्हणाला. भुलीने त्याची जीभ जड झाली होती. "तू बाहेर बस जरा. पाणी पी. लांबूला करू दे."

लांबू हात पुसत आला. त्याने मानेच्या मधोमध अंगठा टेकवला, नेमका तिथेच, जिथे केस सगळ्यात दाट दिसतात आणि जिथे तो नेहमी तुटून पडतो. बाहेर बसून काय होणार होतं? पाणी पिऊन काय होणार होतं? संध्याकाळी छोटू उठला असता आणि मानेवर तळहाताएवढी उघडी जागा घेऊन जन्मभर फिरला असता. तिने घेतली तर निदान सगळीकडून थोडं थोडं जाईल. विरळ होईल, सगळंच विरळ होईल, पण चट्टा पडणार नाही. भावासाठी तिला आता एवढंच करता येत होतं.

"सरक," ती लांबूला म्हणाली. "मीच घेते."

सरांनी मोबाईल पुन्हा सुरू केला. ताईने पंच उचलला आणि जी तीन-तीन सोडली होती, त्यांच्यात शिरली. नंतर कानांच्या वर, जिथे कधीच कुणी जाऊ नये असं तिला शिकवलं होतं, तिथे गेली. तिचे डोळे सारखे भरत होते आणि ती ते बाहीने पुसत होती, कारण दिसलं नाही तर हात चुकला असता.

"तेवीस!" सरांनी हाक दिली. "चोवीस!"

"बघ," खालून छोटू म्हणाला, "जरासुद्धा दुखत नाही गं ताई. घे बिनधास्त."