चौथा पत्ता

सारिकाने तीन पत्ते टाइप केले आणि चौथ्यापाशी तिची बोटं थांबली.

"हा सदतीस नंबरचा कोणाचा, सर?"

सरांनी जुन्या सर्व्हरचा कागद डोळ्यांजवळ नेला. जळगावच्या त्या केळी उत्पादक संस्थेत संगणक विभाग म्हणजे ते आणि त्यांच्या हाताखाली सारिका, एवढाच. आज जुना सर्व्हर काढून नवा बसवायचा होता. जुन्यात नेटवर्कचं कार्ड एकच, केबलही एकच, पण त्या एका कार्डाला चार पत्ते दिलेले होते. माती परीक्षणाची यंत्रं एका पत्त्याशी बोलत, बाजारभावाचा फलक दुसऱ्याशी, हजेरीचं यंत्र तिसऱ्याशी. पूर्वी हे चार निरनिराळे सर्व्हर होते. ते एकेक करून बंद पडले, तेव्हा गावोगावच्या यंत्रांत पत्ता बदलत हिंडण्यापेक्षा गेलेल्याचा पत्ता उरलेल्याच्या कार्डावर चढवून टाकणं सगळ्यांना सोपं वाटलं.

"आता कोणाचाच नसेल. तीनच घे," सर म्हणाले. "ज्याचा असेल तो ओरडेल."

तिने तीनच घेतले. तो सोमवार होता.

आठवडा उलटला तरी कोणी ओरडलं नाही. मग राउटरच्या नोंदी चाळताना तिला दिसलं की कोणीतरी सदतीसला हाक मारून गेलं होतं. मंगळवारी सकाळी साडेआठनंतर सहा वेळा, बुधवारी अकरा वेळा. गुरुवारी चार. शुक्रवारी एकदाच. त्यानंतर काहीच नाही.

हाक यावलहून येत होती. तिथे संस्थेची एक खोली होती आणि खोलीला लागून पाऊस मोजायचं यंत्र. सारिकाने जुन्या सर्व्हरवरून उतरवलेल्या नोंदी उघडल्या. रोजचा पाऊस, रोजचं तापमान, आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला एकच नाव: जीवराम. अठरा वर्षं झाली, एक दिवसही सुटलेला नव्हता. सहा वर्षांपूर्वी यावलला स्वयंचलित हवामान केंद्र बसलं आणि तेव्हापासून संस्था त्याचेच आकडे घेत होती. जीवरामांचं पान त्यानंतर कोणी उघडलंच नव्हतं.

शेऱ्याचा रकाना बहुतेक रिकामा होता. ती खाली खाली सरकत गेली. एके ठिकाणी होतं, "मुलीचे लग्न. नोंद वेळेवर." आणि चार वर्षांपूर्वीच्या एका जानेवारीत, "आज नोंद १०.४० ला. सौ. कोकिळा गेली. पाऊस निरंक."

तिने ते पान सरांना दाखवलं.

"तिथं आता स्वयंचलित केंद्र आहे, सारिका. हे आकडे कोणी घेत नाही."

"हो सर. पण त्यांना हे कोणी सांगितलंय का?"

सरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला. "तुझं तू बघ," ते म्हणाले.

काम एका ओळीचं होतं. तिने ती ओळ लिहिली आणि नव्या सर्व्हरच्या कार्डाला चौथा पत्ता मिळाला. शनिवारी ती यावलच्या बसमध्ये बसली. फोनवरही सांगता आलं असतं. पण चार दिवस माणसाला दाराशी उभं ठेवलं, तर निदान तोंड दाखवून माफी मागावी, असं तिला वाटलं.

केळीच्या बागेला खेटून असलेल्या त्या खोलीला कुलूप होतं. समोरच्या ओट्यावर एक बाई सुपात ज्वारी पाखडत होती. तिने आपणहून नाव सांगितलं, कुंदाबाई, आणि मग सूप खाली ठेवलं.

"जीवराम आबा? ते तं गेले धुयाले, पोरीकडे. आज आठ दिस झाले."

"धुळ्याहून कधी येतील?"

"काय ठाव! अठरा वर्सांत पह्यल्यांदा गेले ते. पोरगी बलावे, तं हे म्हनत, 'आकडा कोन घेईन?' मंग तुमचं ते मशीन बंद पडलं. चार दिस त्याच्यासमोर बसले. मंग किल्ली दिली माह्याकडे अन् निंघाले."

किल्ली घेऊन सारिका आत गेली. टेबलावर वही होती, वहीवर पेन. तिने मशीन चालू केलं. नोंदीचं पान लगेच उघडलं. भिंतीवर खडूने लिहिलेला आबांचा नंबर पाहून तिने फोन लावला.

"आबा, मी सारिका बोलतेय, जळगावच्या ऑफिसातून."

"हां, बोल माय. चालू झालं का?"

तिच्या समोर पान उघडंच होतं. तिकडे मागे कोणी लहान मूल खिदळत ओरडत होतं, "आबा, तुमचा डाव! तुमचा डाव!"

"झालं असीन तं सकायच्या गाडीनं येतो," आबा म्हणाले. "पिशवी भरेलच हाये माही."

"एवढ्यात, आबा?" मागून एका बाईचा आवाज आला. मुलाचं खिदळणं थांबलं.

सारिकाने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"नाही, आबा. ते आता बंद झालं. तिथं नवं केंद्र बसलंय ना, त्याच्यावर भागतं."

"बंद म्हंजे... कायमचं?"

"कायमचं."

आबा रागावतील, निदान विचारतील की आधी का नाही कळवलं, म्हणून ती वाट पाहत राहिली.

"तं मंग," आबा म्हणाले, "मंगळवार ते शुक्रवार, चार दिसाचे आकडे वहीत हायेत. तेव्हढे चढवून घे."

"घेते."

"ते वाचत नही कोनी, ठाऊक हाये मले. तरी घे."

"घेते, आबा."

फोन कानापासून दूर गेल्याचं तिला कळलं, कारण पुढचे शब्द लांबून आले. "दिपमाला, ती पिशवी सोड बरं. राहू दे ते कपडे कपाटात." मग फोन बंद झाला.

सोमवारी जळगावला गेल्यावर चौथा पत्ता काढून टाकायचा, हे तिने मनाशी ठरवलं आणि वही पुढे ओढली. मंगळवार भरला. बुधवार भरला. गुरुवारी पाऊस निरंक होता. शुक्रवारपाशी मात्र ती अडली. पाऊस २.१ की २.९? आबांनी शेवटचा आकडा घाईत लिहिला होता; त्याची शेपटी खालच्या रेघेत गेली होती.

तिने पुन्हा फोन लावला. या वेळी त्यांच्या मुलीने, दिपमालाने, उचलला.

"आबा? ते नातीला घेऊन पांझरा नदीकडे गेले, ताई. फोन इथंच राहिला बघा त्यांचा. असा कधी विसरत नाहीत." ती बोलता बोलता हसली. "काही निरोप देऊ का?"

"नाही," सारिका म्हणाली. "काही नाही."

वही उचलून तिने खिडकीशी नेली, उजेडात आडवी धरली, उभी धरली. एक असेल. नऊही असेल. मग परत येऊन खुर्चीवर बसली, शुक्रवारच्या पावसाची चौकट रिकामी ठेवली आणि पान जतन केलं.