डॉक्टर अबाकांची जागा

"मेलेल्या माणसाचं खातं वाढतं कसं?" क्वेनूसाहेबांनी पडद्यावर बोट टेकवलं. "अराबा, चेष्टा करतेस का माझी?"

"चेष्टा कशाला करू, साहेब? तुमच्यासमोरच आहे. काल होतं त्याहून आज जास्त आहे."

विद्यापीठाच्या सर्व्हरची डिस्क त्या शुक्रवारी काठोकाठ भरली होती. प्रबंध जमा करायचे दिवस. मुलांच्या फाइली अर्ध्यावरच तुटत होत्या. एक मुलगी दारात उभी राहून रडून गेली होती. एवढी जागा खातंय तरी कोण, म्हणून अराबाने सगळ्यांचा वापर तपासला, तर सर्वांत वर नाव निघालं डॉक्टर क्वामेना अबाकांचं. गेल्या पावसाळ्यात बिरिवा गावासमोरच्या समुद्रात त्यांची होडी उलटली होती. बरोबरचे दोघे पोहत आले. अबाकांचं प्रेतसुद्धा हाती लागलं नाही.

"कुणीतरी पासवर्ड चोरलाय, दुसरं काय," साहेब म्हणाले. "खातं पुसून टाक. मी गावी निघालोय, मामाचं मयत आहे. सोमवारी मला डिस्क मोकळी दिसली पाहिजे."

अराबा इसॉन कॉम्प्युटर केंद्रात वर्षानुवर्षं हेच करत आली होती. कुणाला किती जागा द्यायची ते ठरवायचं. पंगतीतल्या वाढप्यासारखं काम. कुणी उपाशी उठायला नको आणि एकट्याने पातेलं रिकामं करायला नको. पण पुसायची वेळ आली की तिचा हात अडखळे. पुसलेलं परत येत नाही; अडवलेलं मात्र कधीही सोडता येतं. म्हणून तिने पुसलं काहीच नाही. मुलांपुरती थोडी जागा इकडूनतिकडून मोकळी केली आणि दुपारी अबाकांच्या खात्याला पक्की मर्यादा घातली. आहे तेवढं राहील, यापुढे एक अक्षरही आत जाणार नाही. साहेब तोवर निघून गेले होते, तेव्हा हे तिने कुणालाच सांगितलं नाही.

सोमवारी तिने ते खातं उघडलं. आत नुसत्या आवाजाच्या फाइली होत्या, रोज सकाळची एक. तेव्हा तिला आठवलं. किनारा कसा झिजतो याचा अभ्यास करताना अबाकांनी बिरिवाला एका माडावर ध्वनिमुद्रणाची पेटी बसवली होती. वर सौरपट्टी. लाटांचा आवाज टिपायचा आणि मोबाइलच्या जाळ्यातून थेट सर्व्हरवर पाठवायचा. माणूस गेला, पण पेटी बंद करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

म्हणजे चोर वगैरे कोणी नव्हतं. तिला हायसं वाटलं. तिने हेडफोन कानाला लावले आणि एक फाइल सुरू केली.

लाटा. वारा. मग अगदी जवळून एका म्हातारीचा आवाज.

"क्वामेना, उठलास का रे? आज धूळ किती आहे बघ. समोरची होडी दिसत नाही."

आणि एकदम शांतता.

अराबाने आवाज वाढवला. म्हातारी थांबली होती हे ठीक. पण लाटाही थांबल्या होत्या. वारासुद्धा. समुद्रकाठी कधीच नसते अशी, कान दडपून टाकणारी शांतता. मग म्हातारी खुदकन हसली. "हो, हो, खाल्लं मी. माशाबरोबर मक्याच्या पिठाचं केंके खाल्लं. तू माझी काळजी करू नकोस." आणि लाटा पुन्हा सुरू झाल्या.

तिने दुसरी फाइल लावली. तिसरी लावली. प्रत्येकीत तेच. म्हातारी काही विचारायची, समुद्र गप्प व्हायचा, मग म्हातारी उत्तर मिळाल्यासारखी पुढे बोलायची. एकदा तर ती बोलता बोलता मध्येच अडली. "अरे, माझं ऐकून तर घे... बरं बाबा, तू बोल आधी." त्यानंतरची शांतता फार लांब होती. अराबाने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. बाहेर भर दुपार होती, व्हरांड्यात मुलं हसत होती.

दुसऱ्या दिवशी ट्रोट्रोच्या भाड्याच्या गाडीत दाटीवाटीने बसून ती बिरिवाला गेली. मंगळवार. त्या दिवशी समुद्राला विश्रांती असते, होड्या काढत नाहीत. सगळ्या रंगीत होड्या वाळूवर आडव्या पडल्या होत्या आणि माणसं जाळी सांधत बसली होती. अबाकांच्या आईचं घर विचारताच दाखवलं; एना एकुआ, एना म्हणजे आई, असंच तिला सगळं गाव म्हणे. माड अंगणातच होता.

एनाने आधी पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावरच विचारलं, "काय निमित्ताने येणं केलंस, बाळ?"

"एना, मी विद्यापीठातून आले. त्या पेटीसाठी." अराबाने माडाकडे पाहिलं. "तुम्ही तिच्याशी बोलता ना?"

"पेटीशी कोण बोलतंय? वेड लागलंय का मला?" म्हातारी हसली. "मी माझ्या पोराशी बोलते. त्याला थडगं नाही. मी बसू कुठे, सांग? ही पेटी त्याच्या हातची, म्हणून तो इथे यायचा."

"यायचा?"

"आता येत नाही." एनाने पदराच्या टोकाने तोंड पुसलं. "शनिवारी सकाळी शेवटचा आला. त्याच्या जन्माचा वार. नीट बोललापण नाही. नुसतं म्हणाला, 'एना, मला इथे आता जागा उरली नाही.' तेव्हापासून समुद्रच वाजतोय. अशी कुठली गं जागा, जी माझ्या पोराला पुरली नाही?"

शुक्रवारी दुपारी बंद दाराआड अराबाने घातलेली मर्यादा बिरिवात कळायचा काही मार्गच नव्हता.

"मी बघते, एना," ती कशीबशी म्हणाली.

"काय बघतेस?"

"जागेचं."

बुधवारी अराबाने अबाकांच्या खात्यासाठी जागा मागितली, तसे क्वेनूसाहेब कडाडले. "मेलेल्यांना जागा आणि जिवंत पोरांनी काय करायचं?"

"साहेब, शनिवारी तुमच्या मामांच्या मयताला मांडव घालून अख्खा रस्ता अडवला होता ना?"

"ते वेगळं."

अराबाने त्यांच्यापुढे हेडफोन सरकवले. साहेबांनी ते उभ्यानेच कानाला लावले, मग हळूच खुर्चीत बसले. फाइल संपल्यावर ते काढून ठेवले आणि म्हणाले, "दप्तरात काय म्हणून नोंदवायचं?"

"किनाऱ्याचे आवाज. खोटं थोडंच आहे?"

कपाटात एक जुनी, बाजूला ठेवलेली डिस्क होती. अराबाने ती जोडली, तिच्यावर वेगळा कप्पा केला आणि अबाकांचं सगळं खातं तिथे हलवलं. आता त्यांच्यामुळे कुणाचं अडणार नव्हतं आणि कुणामुळे त्यांचं. मर्यादेच्या जागी तिने शून्य लिहिलं. सर्व्हरच्या भाषेत त्याचा अर्थ, मर्यादाच नाही.

गुरुवारी सकाळी ती लवकर आली. पडद्यावर बिरिवाची नवी फाइल उतरायला लागली होती. सावकाश, थांबत थांबत. हेडफोन शेजारीच होते. अराबाने त्यांना हात लावला नाही. आत कुणी घरचं बोलत असलं की माणूस दाराबाहेर थांबतो, तशी ती हात मांडीवर ठेवून, फाइल पुरी होईपर्यंत, पडद्याकडे पाठ करून बसून राहिली.