रीमा कुठे धावते

अदम गावच्या मैदानात, उंटांच्या शर्यतीत, खल्फानची सांडणी रीमा सगळ्यांच्या पुढे होती. कडेने जीप पळवत खल्फान ओरडत होता, "शाब्बास रीमा! शम्सा, काटा बघ, ताशी चाळीस!"

"म्हणजे सेकंदाला अकरा मीटर," शाळेत विज्ञान शिकवणारी त्याची बायको म्हणाली. "अहो, समोर बघा आधी!"

तेवढ्यात जीप वाळूत रुतली. धन्याचा आवाज मागे पडला, तशी रीमा गर्रकन वळली आणि त्याच झपाट्याने उलटी जीपकडे धावत आली. पाठीवर स्वाराऐवजी बसवलेलं चाबकाचं यंत्र फिरतच राहिलं. मागून येणाऱ्या इतर मालकांच्या गाड्यांमध्ये एकच हशा पिकला.

"नाक कापलंस माझं!" खल्फान रीमावर डाफरला.

"तिला कशाला बोलताय? तिची चाल होती तेवढीच आहे. वेगात दिशाही धरतात; दिशा उलटली, म्हणून वेग बदलला."

"आणि ही दिशा तिला शिकवली कुणी?"

"बाटलीने दूध पाजून वाढवलं कुणी?"

जिंकल्यावर द्यायचे खजूर खल्फानने रीमापुढे धरले.

"आता उतरा आणि ढकला. या गाडीची चालही शून्य आणि वेगही शून्य," शम्सा म्हणाली. "पुढच्या शर्यतीला गाडीबिडी काही नाही. तुम्ही शेवटच्या रेषेपलीकडे उभं राहायचं आणि तिथून ओरडायचं!"