पांढऱ्या रस्त्याची एक्कावन्न मते

मी एक जुना पांढरा रस्ता आहे. मित्रांनो, ‘जुना’ हा शब्द मी अभिमानाने उच्चारतो. परंतु मला कोणी ‘जुनाट’ म्हणणार असेल, तर त्याने प्रथम आपली सायकल माझ्या पोज्जोरेकोच्या चढावर आणावी आणि पाय न टेकता वर जाऊन दाखवावे. त्यानंतर आपण बोलू.

सिएना शहराच्या दक्षिणेस नदीवरील पुलापाशी माझा आरंभ होतो आणि सहा किलोमीटरनंतर टेकडीवरील पोज्जोरेको गावात माझा शेवट होतो. माझ्या अंगावर डांबराचा थेंबही नाही. याच टेकडीचा पांढरा दगड हातोड्यांनी फोडून आणि बैलांकरवी दगडी रूळ फिरवून गावकऱ्यांनी मला घडवले. त्यांनी मला मध्यभागी उंच व दोन्ही कडांस उतरते ठेवले. येथील लोक या आकारास ‘गाढवाची पाठ’ म्हणतात. मला त्याचा राग नाही. गाढवाच्या पाठीवर पाणी थांबत नाही, आणि पाणी हाच माझा खरा वैरी आहे.

माझ्यावरून द्राक्षांच्या गाड्या गेल्या, वराती गेल्या, शवपेट्याही गेल्या. पुढे सायकली आल्या. टपालवाला आला, वीटभट्टीचे कामगार आले आणि रविवारी शर्यतवाले आले. जादा टायर ते खांद्यांवरून आडवेतिडवे गुंडाळून घेत. चढाच्या माथ्यावर त्यांच्या तोंडावर माझ्या धुळीचा असा थर बसे की सख्खी आईही आपल्या मुलास चटकन ओळखत नसे. ते मला शिव्या देत आणि पुढल्या रविवारी पुन्हा येत. यापेक्षा निराळी स्तुती मी कधी मागितली नाही.

नंतर डांबराचे दिवस आले. आसपासच्या टेकड्यांतील माझे भाऊबंद एकामागून एक काळे झाले. मी मात्र तसाच राहिलो, कारण माझी आठवणच कोणास राहिली नाही. केवळ फोस्को हा मैलकुली मला विसरला नाही. चौतीस वर्षे तो फावडे व दाताळे घेऊन माझ्या कडेचे चर उपसत आला, खड्ड्यांत खडी भरत आला. तो निवृत्त झाला, तरी फावडे काही निवृत्त झाले नाही.

आणि मग, मित्रांनो, ज्या धुळीमुळे मला टाकून दिले होते, तिच्याचसाठी लोक दूरदूरच्या देशांतून येऊ लागले! टेकड्यांतून जाणारा सात चढांचा एक सायकलमार्ग कोणीतरी नकाशावर आखला, आणि त्यातील सर्वांत अवघड चढ मी होतो. माथ्यावर इओलेमावशीचे छोटे कॉफीचे दुकान आहे. शेवटच्या वळणावर सायकलवाला दिसला की ती दारातूनच ओरडते, “अरे, पायडलवर उभा राहू नकोस! बस खाली! उभा राहिलास की मागचं चाक जागच्या जागी फिरतंय बघ!” तो बसतो, वर पोहोचतो, नळाखाली डोके धरतो आणि तेल लावलेला पाव मागतो. गावातील शाळा बंद पडली, वाण्याचे दुकान बंद पडले. इओलेमावशीचा दरवाजा तेवढा उघडा राहिला, तो या सायकलींच्या जोरावर.

तरीही ओरेस्ते या द्राक्षबागायतदाराने माझ्यावर डांबर टाकण्याची मागणी केली. मी त्यास दुष्ट म्हणणार नाही. उन्हाळ्यात माझी धूळ त्याच्या घडांवर बसते, हे सत्य आहे. सायकलमार्ग आखणारे मात्र स्पष्ट म्हणाले, “डांबर पडलं तर आम्ही मार्ग दुसऱ्या टेकडीवरून नेऊ.” म्हणजे माझा रंग गेला की मावशीचा दरवाजाही गेला. गाव दुभंगले. अखेरीस सरपंच लीदियाबाईंनी मतदान ठरवले. कागदावर एकच प्रश्न होता: ‘रस्त्यावर डांबर टाकावे काय?’ खाली दोन चौकोन, होय आणि नाही.

आता येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. या लोकांच्या भाषेत पांढऱ्यास आणि कोऱ्यास एकच शब्द आहे: बियांका. मी पांढरा रस्ता, म्हणून बियांका. आणि ज्या मतपत्रिकेवर काहीच खूण नाही, तीही बियांकाच.

मतदानापूर्वीचे आठ दिवस इओलेमावशी प्रत्येक कपाबरोबर एकच वाक्य वाढत होती, “रविवारी विसरू नका हं. बियांका!”

रविवारी दुपारी मतमोजणीसाठी बंद शाळेची खोली उघडली. परंतु गर्दी एवढी झाली की टेबल बाहेर आणून माझ्याच अंगावर मांडावे लागले. माझा निकाल माझ्या पाठीवरच लागणार होता. पंचायतीचे चिटणीस तार्चीझिओ चष्मा पुसून मोजू लागले.

“होय, बासष्ट. नाही, सात.”

“सात?” इओलेमावशी किंचाळली. “सात कसे? माझ्या दुकानात रोज पन्नास माणसं शपथा घेत होती!”

“आणि एक्कावन्न पत्रिका,” चिटणीस म्हणाले, “कोऱ्या.”

मग मावशी हळूच फोस्कोकडे वळली.

“फोस्को, तू कुठे खूण केलीस?”

“कुठेच नाही. तू म्हणालीस बियांका. मी बियांका टाकली.”

“अरे माझ्या देवा! बियांकाला मत द्या म्हटलं होतं मी, बियांका मत द्या असं नव्हे!”

“मग तसं नीट सांगायचं ना! कागद पांढरा ठेवला, घडी घातली, पेटीत टाकला. मला वाटलं, किती सोपं काम आहे.”

“मीपण तस्संच केलं,” मागून कोणी म्हणाले. “मीपण.” “आमच्या घरातली चारही.”

ओरेस्ते पोट धरून हसला. “वा वा! चौतीस वर्षं दगड फोडलेस फोस्को, आणि एक फुली मारता आली नाही तुला? चिटणीससाहेब, लिहून घ्या. कोरं मत म्हणजे मतच नव्हे. बरोबर?”

“बरोबर,” चिटणीस म्हणाले. “कोरे मत वैध धरता येत नाही.”

“पुन्हा एकदा मोठ्यानं सांगा, म्हणजे मावशीला ऐकू जाईल!”

“वैध धरता येत नाही.”

फोस्कोने आपली टोपी काढली आणि तो खाली वाकून माझ्याकडे पाहू लागला. त्या क्षणी त्याची नजर मला सोसवेना. मित्रांनो, मी सैन्याच्या गाड्या सोसल्या आहेत. परंतु जो मनुष्य आयुष्यभर माझी निगा राखतो, त्याच्याच हातून माझा घात झाला, असे त्यास वाटावे, हे मला मान्य नव्हते. दगडास वाचा असती तर मी गरजून सांगितले असते की टाका डांबर, दोन हिवाळ्यांत मी ते फोडून वर येतो!

इतक्यात तार्चीझिओंनी नियमांची वही उलटली, आणि त्यांची भिवई वर चढली.

“परंतु एक अडचण आहे. गावात मतदार एकशेचाळीस. वैध मते निम्म्याहून अधिक, म्हणजे निदान एकाहत्तर हवीत. बासष्ट आणि सात, एकोणसत्तर. दोन कमी पडतात. मतदान रद्द. रस्ता जसा आहे तसा राहील.”

ओरेस्तेचे हसू थांबले. “थांबा, थांबा. ती एक्कावन्न कोरी कशी? सगळ्या गावाला माहीत आहे, ती पांढऱ्या रस्त्याची मतं आहेत! धरा ती ‘नाही’मध्ये. एक्कावन्न आणि सात, अठ्ठावन्न. तरी बासष्टच जास्त!”

“नाही हं ओरेस्ते,” इओलेमावशीने दोन्ही हात कमरेवर ठेवले. “कोरं मत म्हणजे मतच नव्हे. कोण म्हणालं बरं हे आत्ता?”

“तूच म्हणालास,” फोस्को टोपी परत डोक्यावर चढवीत म्हणाला. “आणि मोठ्यानं म्हणायला लावलंस.”

लीदियाबाईंनी ओठ घट्ट दाबून धरले होते. त्या सरपंच होत्या, त्यांना हसणे शोभले नसते. बाकी सारे हसले. शेवटी ओरेस्तेही हसला, पण रागाने. तो फोस्कोपाशी आला.

“आणि माझ्या द्राक्षांवरची धूळ?”

“धूळ सायकलींची नाही, तुझ्या ट्रॅक्टरची आहे. शर्यतीत असल्यासारखा हाकतोस. माझ्या रस्त्यावरून हळू जा. आणि उन्हाळ्यात पाण्याची टाकी जोड मागे, तुझ्या बागेपुरतं शिंपडत जा. मी येईन बरोबर.”

“तुला फुली मारता येत नाही, आणि टाकीचा नळ कसा उघडशील?”

“नळावर कुणी बियांका लिहिलं नसेल, तर उघडेन!”

आता उन्हाळ्यात ते दोघे टाकी घेऊन माझ्यावरून सावकाश जातात आणि वाटभर भांडतात. त्या पाण्याने माझा दगड दबून राहतो. मावशीचा दरवाजा उघडा आहे. असे म्हणतात की पाच वर्षांनी पुन्हा मतदान होईल. मावशीने आतापासूनच दुकानात फळा लावला आहे आणि त्यावर एक चौकोन काढून ती फोस्कोला फुली मारावयास शिकवते. होऊ द्या मतदान. मी येथेच आहे.

मित्रांनो, तुमच्याही गावाबाहेर माझ्यासारखा एखादा रस्ता असेल. त्याची कीव करू नका. कीव त्याच्या उपयोगाची नाही. त्याच्या कडेचे चर पावसाळ्याआधी उपसा. खड्डा लहान आहे तोच भरा. उतारावर ब्रेक कचकचून दाबून त्याची खडी उधळू नका आणि चढावर खाली बसून पायडल मारा. एवढे केलेत तर तो तुमच्या नातवंडांनाही वर नेईल. आणि कोणी मला विचारले की तुझ्या अंगावर आहे तरी काय, तर त्यास माझ्या माथ्यावर सकाळी आणून उभे करा. सायकलींच्या चाकांनी रात्रीच्या दवावर काय काय लिहिले आहे, ते त्याने वाचावे. मी पांढरा आहे. कोरा नाही.